गोळीचं नाव नंतर, आधी रिपोर्ट

प्रश्न: आईला फुफ्फुसाचा कॅन्सर निघालाय, अॅडिनोकार्सिनोमा. डॉक्टर म्हणतात, जनुकांचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू. नात्यातल्या एका काकांना रोजच्या एका गोळीने चांगला गुण आलाय. तीच आत्ता सुरू केली तर? (एक मुलगी, सातारा)

उत्तर: ताई, तुमच्या जिवाची घालमेल समजते. पण ती गोळी आईला लागू पडेल की नाही, हे रिपोर्टच सांगणार. टार्गेटेड थेरपी कॅन्सरच्या पेशीतल्या एका ठरावीक बिघाडावर चालते. आपल्याकडे अॅडिनोकार्सिनोमाच्या साधारण चारातल्या एका रुग्णात ईजीएफआर जनुकातला बदल सापडतो आणि त्यांना गेफिटिनिब, ऑसिमर्टिनिब यांसारख्या गोळ्यांचा छान उपयोग होतो. तो बदल नसलेल्यांना गेफिटिनिब दिली, तर केमोच्या तुलनेत आजार लवकर वाढतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, आशियाई रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत हे स्पष्ट दिसलं. ‘घेऊन तर बघू’ म्हणण्यात आईचाच वेळ जाईल.

तोवर डॉक्टरांना विचारा: ईजीएफआरबरोबर एएलके आणि आरओएस-१ ही जनुकंही तपासताय ना? बायोप्सीचा तुकडा पुरेसा आहे का? नसेल तर रक्तावरून तपासता येईल का? रक्तात बदल सापडला तर त्यावर उपचार ठरवता येतात. सापडला नाही म्हणजे तो नाहीच, असं मात्र नसतं. आईला धाप लागत असेल तर ते आजच कळवा, कारण अशा वेळी रिपोर्टची वाट न बघता केमो सुरू करता येते. बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) लॅबमधून मागून घ्या आणि उन्हापासून, उष्णतेपासून जपा. दुसऱ्या मतासाठी टाटा हॉस्पिटलला गेलात तर तो लागेल.

प्रश्न: सासरे गेफिटिनिब घेतात. चेहऱ्यावर पुरळ, दिवसातून पाच-सहा जुलाब. ‘सांगितलं तर गोळी बंद करतील,’ म्हणून ते डॉक्टरांपासून लपवतात. (एक सून, नांदेड)

उत्तर: त्यांना माझ्याकडून सांगा, की पुरळ आणि जुलाब या गोळीचे ओळखीचे त्रास आहेत आणि बहुतेक वेळा गोळी कायमची बंद न करताही ते आटोक्यात येतात. मलम, गरज पडली तर डॉक्सिसायक्लिन, जुलाबावर लोपेरामाइड. कधी चार दिवस गोळी थांबवून पुन्हा सुरू करतात. लपवल्याने अंगातलं पाणी कमी होऊन अॅडमिट व्हायची वेळ येते, आणि मग गोळी खरोखरच थांबते. जुलाब कधीपासून, किती वेळा, हे कॅलेंडरवर लिहून न्या. पित्ताची गोळी, काढा, चूर्ण, जे काही चालू असेल ते पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवा. ओमेप्राझोलसारख्या पित्ताच्या गोळ्यांनी गेफिटिनिब नीट शोषली जात नाही. नव्याने दम लागला किंवा कोरडा खोकला वाढला, तर मात्र पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. फुफ्फुसाला सूज येणं हा या औषधाचा क्वचित होणारा, पण जिवावर बेतणारा त्रास आहे.

प्रश्न: सीएमएलसाठी (एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर) दोन वर्षं इमॅटिनिबची गोळी घेतोय. आता ठणठणीत आहे. बंद करू का? (पुणे)

उत्तर: मनाने अजिबात नको. बरं वाटणं आणि बीसीआर-एबीएलचा, म्हणजे रक्तात आजार किती उरलाय ते दाखवणारा, आकडा खाली राहणं या वेगळ्या गोष्टी. तो आकडा बरीच वर्षं अगदी खाली राहिला, तरच काही रुग्णांत डॉक्टर गोळी थांबवून बघतात, तेही सुरुवातीला दर महिन्याला रक्त तपासत.

प्रश्न: डॉक्टरांसमोर पैशाचं बोलायला लाज वाटते. (कोल्हापूर)

उत्तर: लाज बाळगू नका, आणि हे पहिल्याच भेटीत बोला. ‘महिन्याला एवढेच जमतील, तेही किती महिने सांगता येत नाही,’ असं आकड्यासकट सांगा. डॉक्टरांना त्यातून मार्ग काढता येतो: जुन्या औषधांच्या भारतीय कंपन्यांच्या गोळ्या बऱ्याच स्वस्त आहेत, स्तनाच्या कॅन्सरवरच्या ट्रास्टुझुमॅबचे बायोसिमिलर (मूळ औषधाशी मिळतीजुळती औषधं) २०१४ पासून आपल्याकडे मिळतात. २०२४ च्या अर्थसंकल्पात ऑसिमर्टिनिबवरची कस्टम ड्युटी माफ झाली, तरी ही गोळी सामान्य घराला जडच जाते. कंपनीची मदत योजना आहे का, ते विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमचं औषध बसतं का, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. मी सगळ्यात जास्त घाबरतो ते न सांगता एक दिवसाआड गोळी घेणाऱ्या रुग्णांसाठी. डॉक्टर समजतात औषध लागू पडत नाही, आणि त्याहून महागडं लिहून देतात.