दोन साडेसतरा

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला अहवाल दोनदा वाचला. ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, तुमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात आलेला तो डिफेन्सिव्ह एंड (बचावफळीच्या टोकाचा खेळाडू), त्याचे जुन्या संघातले सॅक (क्वार्टरबॅकला, म्हणजे पास टाकणाऱ्याला, चेंडू सोडायच्या आत पाडणं), इथे आल्यावरचे सॅक, आणि सगळ्यात शेवटी तुझं वाक्य : 'नव्या संघात खेळाडूमध्ये लक्षणीय सुधारणा झाली आहे.' तक्ते नीटनेटके आहेत, घेतलेली मेहनत दिसते. पण त्या शेवटच्या वाक्याला आधी कुठेच आधार सापडला नाही. सॅक वाढले हे तू दाखवलंस. तो सुधारला हे दाखवायचं राहिलंय. तुमचे कोच हा कागद वाचून पुढच्या मोसमात त्या मुलाला किती खेळवायचं ते ठरवणार आहेत, तेव्हा या दोन गोष्टी एक समजून चालणार नाही.

मी नेमका इथेच चुकलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मार्च २०२१ मधली गोष्ट. एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या सिनसिनाटी बेंगल्सनी स्वतःच्या कार्ल लॉसन या एज रशरला (टोकाकडून क्वार्टरबॅकवर चालून जाणारा) जाऊ दिलं आणि न्यू ऑर्लिन्स सेंट्सच्या ट्रे हेंड्रिक्सनला चार वर्षांसाठी ६ कोटी डॉलरचा करार दिला. हेंड्रिक्सन २०१७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तिसऱ्या फेरीत, १०३ व्या क्रमांकावर निवडला गेलेला. पहिल्या तीन मोसमांत मिळून त्याचे सॅक ६.५. आणि करार संपायच्या वर्षी, २०२० मध्ये, एकदम १३.५. लॉसनचे त्याच वर्षी फक्त ५.५, पण चेंडू सुटता सुटता क्वार्टरबॅकला धडक देण्यात तो ३२ च्या आकड्यासह लीगमध्ये दुसरा होता. मी वहीत लिहिलं : 'हेंड्रिक्सन एका वर्षाचा. पलीकडच्या टोकाला कॅमेरॉन जॉर्डन असताना कुणालाही जमेल.' पेनाने लिहिलं होतं, अजून तसंच आहे.

२०२१ मध्ये बेंगल्सकडून त्याचे सॅक झाले १४, आणि संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, पोचला. मग मी त्याच पानावर खाली दुसरी ओळ लिहिली : 'नव्या संघात सुधारला.' आज मला ही दुसरी ओळ पहिलीपेक्षा जास्त सलते. पहिलीत निदान एक कारण तरी दिलं होतं, चुकीचं का असेना. दुसरीत नुसता आकडा बघून मत फिरवलं. तुझ्या अहवालातलं वाक्य हे माझं तेच वाक्य आहे.

१३.५ चे १४ झाले यात सुधारणा किती? तो २०२० मध्ये १५ सामने खेळला, २०२१ मध्ये १६. म्हणजे सामन्यामागे हिशेब केला तर आकडा किंचित खालीच आला. खरं म्हणजे २०२१ मध्ये तो पूर्वीइतकाच चांगला होता. चांगला झाला होता तो आधीच, सेंट्सकडे असताना, आणि मी तेव्हा ते मानायला तयार नव्हतो. सेंट्सच्या त्या मोसमाकडे पुन्हा बघितलं तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात आली. २०२० हे कोविडचं वर्ष. एरवी सेंट्सच्या घरच्या सुपरडोममधल्या गोंगाटात पाहुण्या संघाच्या टॅकलला (रशरला अडवणारा टोकाचा खेळाडू) स्नॅपचा, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू करण्याचा, आवाज ऐकू येत नाही, तो अर्धं पाऊल उशिरा उठतो, आणि तेवढं अर्धं पाऊल घरच्या एज रशरला फुकट मिळतं. त्या वर्षी स्टँड जवळजवळ रिकामे होते. हेंड्रिक्सनला ती मदत मिळालीच नाही, तरी १३.५. उलट बाजूने हेही धरायला हवं की सेंट्स १२-४ होते (१२ जिंकले, ४ हरले), बहुतेक वेळा आघाडीवर, आणि मागे पडलेला संघ पास जास्त टाकतो. म्हणजे एक परिस्थिती त्याच्या विरुद्ध, एक त्याच्या बाजूची. अशी दोन्ही पारड्यांत वजनं टाकून बघणं हे आपलं काम. आपल्याला जो निष्कर्ष आवडतो त्याच्याच पारड्यात टाकत राहायला कुणाला शिकवावं लागत नाही.

बेंगल्सचं बघ. २०२० मध्ये त्यांच्या अख्ख्या संघाचे सॅक १७, लीगमध्ये सर्वांत कमी. २०२१ मध्ये ४२. 'हेंड्रिक्सन आला आणि बचाव बदलला' असं म्हणायला छान वाटतं. पण त्याच उन्हाळ्यात आतल्या फळीत लॅरी ओगुन्जोबी आणि बी. जे. हिल आले, मागे चिडोबे अवुझी आणि माइक हिल्टन आले, गुडघ्याच्या दुखापतीतून क्वार्टरबॅक जो बरो परतला, आणि जमार चेससारखा रिसीव्हर (पास झेलणारा) मिळाल्यामुळे संघाला आघाडी घ्यायची सवय लागली. ४-११-१ चा (शेवटचा १ बरोबरीचा) संघ १०-७ झाला, तेव्हा समोरच्यांना जास्त वेळा पास टाकणं भाग पडलं. या सगळ्यात एकट्याचा वाटा वेगळा काढायचा तर बेरजेच्या तक्त्यातून तो निघत नाही.

सॅकसुद्धा सगळे एका जातीचे नसतात. ३० जानेवारी २०२२ ची एएफसी फायनल (लीगच्या दोन गटांपैकी एकाची), कॅन्सस सिटी चीफ्सचं ॲरोहेड स्टेडियम, आठवते ना? तू तेव्हा शाळेत असशील. मध्यंतराला चीफ्स २१-१० ने पुढे. उत्तरार्धात बचावाचे कोऑर्डिनेटर लू अनारुमो यांनी अनेकदा फक्त तिघांना पुढे सोडलं आणि आठ जणांना मागे कव्हरेजमध्ये, म्हणजे पास झेलणाऱ्यांना अडवायला, उभं केलं. चीफ्सना त्या अर्ध्यात जेमतेम ३ गुण मिळाले. निर्धारित वेळेच्या अगदी शेवटी, गोल लाइनजवळ, बेंगल्सच्या सॅम हबर्डने चीफ्सचा क्वार्टरबॅक माहोम्स याला लागोपाठ दोनदा पाडलं, आणि चीफ्सना सहा गुणांच्या टचडाउनऐवजी ४४ यार्डांच्या, तीन गुणांच्या फील्ड गोलवर समाधान मानावं लागलं. सामना ओव्हरटाइममध्ये गेला, बेंगल्स २७-२४ ने जिंकले. ते दोन सॅक हबर्डच्या नावावर आहेत आणि असायलाच हवेत, तो धावायचा थांबला नाही. पण फिल्ममध्ये माहोम्स किती वेळ चेंडू हातात धरून फिरतोय ते मोज. पास टाकायला जागा ठेवली नव्हती मागच्या आठ जणांनी. एका टोकाकडून टिच्चून गोलंदाजी झाली की दुसऱ्या टोकाला विकेट पडते, तसलं हे. तुमच्या मुलाच्या सॅकपैकी असे किती? तुमचे कॉर्नरबॅक (रिसीव्हरवर पहारा देणारे) त्याच्या जुन्या संघातल्यांपेक्षा चांगले असतील, तर त्याने काहीही न बदलता त्याचे सॅक वाढतील.

आता शकील बॅरेट. कागदावर तो आउटसाइड लाइनबॅकर, पण काम तेच. डेन्व्हरकडे २०१८ पर्यंत त्याचे सगळे मिळून १४ सॅक. २०१९ मध्ये टॅम्पा बेने त्याला एका वर्षासाठी ४० लाख डॉलरला घेतलं, म्हणजे या धंद्यात जवळजवळ काहीच नाही, आणि त्याने १९.५ सॅक करून लीगमध्ये पहिला क्रमांक घेतला. पहिल्या चार सामन्यांतच ९. हा माणूस एका उन्हाळ्यात एवढा सुधारला का? डेन्व्हरमध्ये त्याच्यापुढे व्हॉन मिलर आणि डीमार्कस वेअर होते, वेअर गेल्यावर पुढे ब्रॅडली चब आला. मैदानावर उतरायलाच कमी मिळायचं. पूर्णवेळ एज रशर मोसमात चारशे-पाचशे वेळा क्वार्टरबॅकवर चालून जातो. राखीव खेळाडूला त्याच्या निम्मी संधी मिळाली तरी नशीब. म्हणून अहवालात सर्वांत आधी भागाकार हवा : किती वेळा पास रश केला (क्वार्टरबॅकवर चालून गेला), त्यातल्या किती वेळा प्रेशर आलं (क्वार्टरबॅकला घाई करावी लागली). तुझ्या तक्त्यात भाजक कुठेच नाही. तो नसेल तर पुढचं सगळं डळमळीत.

आणि पुढच्याच वर्षी बॅरेटचे सॅक ८ वर आले. 'घसरला' म्हणणारे होतेच. त्याच मोसमाच्या एनएफसी (लीगचा दुसरा गट) फायनलमध्ये त्याने ग्रीन बेमध्ये तिथल्या क्वार्टरबॅकला, ॲरन रॉजर्सला, तीनदा पाडलं. मात्र तिथेही समोर कोण होतं ते लिही : ग्रीन बेचा डावा टॅकल डेव्हिड बाख्तियारी जखमी होऊन बाहेर होता आणि फळीची जुळवाजुळव करावी लागली होती. प्रत्येक सॅकशेजारी समोरच्या टॅकलचं नाव लिहायची सवय लाव. कॉलेजमध्ये तर हे फार गरजेचं, कारण मोसमाच्या सुरुवातीला एखाद्या दुबळ्या संघाविरुद्ध एका शनिवारी तीन सॅक झाले की वर्षभराचा तक्ता फुगतो.

मग सुधारणा दिसते कुठे? माझी पद्धत सांगतो. दोन्ही संघांतल्या त्याच्या तीस-तीस क्लिप काढ. सगळ्या एकाच प्रकारच्या : थर्ड डाउन (चारपैकी तिसरा प्रयत्न), सात यार्डांहून जास्त बाकी, चौघांचा रश, आणि त्याच्यासमोर एकटा टॅकल. टाइट एंडने किंवा रनिंग बॅकने जाता जाता चिप केलेल्या (त्याला धक्का दिलेल्या) क्लिप बाजूला ठेव, त्यांची वेगळी यादी कर. टीव्हीचं चित्रण चालणार नाही, कॅमेरा चेंडूमागे जातो. कोचेसची ऑल-२२, म्हणजे मैदानावरचे सगळे बावीस खेळाडू दिसणारी फिल्म, माग. आणि प्रत्येक क्लिप स्नॅपनंतर अडीच सेकंदांनी थांबव. पुढे सॅक झाला की नाही ते बघूच नकोस. निकाल दिसला की डोळे फितूर होतात. पाडलेल्या क्वार्टरबॅककडे बघून आपण ठरवतो की रश झकास होता, आणि तितकाच झकास रश पास सुटल्यामुळे विसरतो. ईएसपीएन वाहिनीचा पास रश विन रेट (रशरने अडवणाऱ्यावर मात केल्याचं प्रमाण) हासुद्धा याच अडीच सेकंदांवर उभा आहे, पण तिथे उत्तर फक्त हो किंवा नाही. तुला कसं ते लिहायचं आहे.

पहिलं पाऊल बघ : चेंडू हलल्यावर तो हलतो, की शेजारचा हलल्यावर? हात बघ : टॅकलचे पंजे छातीला लागायच्या आत त्याने ते उडवले का? वळण घेताना कंबर आणि घोटा वाकतो, की तो सरळ उभा राहून लांबचा फेरा मारतो? हे सगळं टिप, पण माझ्या दृष्टीने खरी परीक्षा पुढची आहे. पहिला डाव टॅकलने ओळखला, अडवला. मग हा काय करतो? थांबून ढकलाढकली करत बसतो, की आत वळतो, गिरकी घेतो, हाताखालून निसटतो? ताकद आणि वेग घेऊन मुलं येतात. दुसरा डाव शिकावा लागतो. जुन्या तीस क्लिपमध्ये दुसरा डाव दिसत नसेल आणि नव्या तीसमध्ये वारंवार दिसत असेल, तर तुझं ते वाक्य बिनदिक्कत लिही, सॅक वाढले नसते तरी लिही. आणि तुमच्या डी-लाइनच्या (बचावाच्या पुढच्या फळीच्या) कोचचं नावही लिही, कारण ते त्यांचं श्रेय आहे.

रन डाउनच्या (समोरचा संघ पास न टाकता चेंडू घेऊन धावतो त्या) दहा-पंधरा क्लिप वेगळ्या बघ. कडेला उभं राहून धावणाऱ्याला आत वळवणं हे निम्मं काम आहे आणि त्याचा कुठल्याच आकर्षक आकड्यात पत्ता नसतो. हेंड्रिक्सनपेक्षा हबर्ड त्यात मला नेहमीच उजवा वाटला.

हेंड्रिक्सनची पुढची वर्षं सांगायची राहिली, आणि खरी शिकवणी त्यांनीच घेतली. २०२२ मध्ये त्याचे सॅक ८. नुसता तक्ता वाचणाऱ्याला वाटेल की गडी संपला. मोसमाच्या शेवटच्या टप्प्यात तो मोडलेल्या मनगटाने खेळत होता. फिल्ममध्ये पाऊल तेच, वळण तेच. २०२३ मध्ये १७.५. २०२४ मध्ये पुन्हा १७.५, लीगमध्ये सर्वाधिक, आणि पहिल्यांदाच ऑल-प्रोच्या (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या) पहिल्या संघात. तुझ्या तक्त्यात या दोन वर्षांपुढे 'बदल नाही' असं आलं असतं. पण २०२४ मध्ये मधला आडदांड डी. जे. रीडर डेट्रॉइटला गेलेला, हबर्डचे सॅक २ वर आलेले, बचाव इतका ढिला की मोसम संपल्यावर अनारुमोंना जावं लागलं. समोरच्या प्रत्येक संघाला ठाऊक होतं की या फळीत अडवायचा माणूस एकच. तरी आकडा हलला नाही. माझ्या मते त्याची सर्वांत मोठी सुधारणा या दोन सारख्या आकड्यांच्या मध्ये आहे, आणि ती दिसायला मला दोन्ही मोसमांची फिल्म शेजारी शेजारी लावावी लागली.

लॉसनचंही सांगतो, कारण माझी वही त्याच्या बाजूने होती. तीन वर्षांचा करार घेऊन तो न्यू यॉर्क जेट्सकडे गेला आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये, सराव शिबिरातच, त्याच्या टाचेची शीर फाटली. अख्खा मोसम गेला. म्हणून 'मी चुकलो' असं म्हणताना मी फक्त हेंड्रिक्सनबद्दल म्हणतो. लॉसन धडधाकट राहिला असता तर काय झालं असतं, ते कुठल्याच क्लिपमध्ये नाही.

तुझा अहवाल फाडू नकोस. तक्ते तसेच राहू देत, भाजकाचा रकाना घाल, समोरच्या टॅकलचा रकाना घाल, आणि शेवटचं वाक्य सध्या पेन्सिलीने लिहून ठेव. साठ क्लिप निवडून झाल्या की मला पाठव, पण तुझी टिपणं पाठवू नकोस. मी माझी स्वतंत्र लिहीन. रविवारी संध्याकाळी आमच्याकडे जेवायला ये, काकू थालीपीठ करणार आहे. दोघांची पानं शेजारी ठेवून जिथे मतभेद होईल ती प्रत्येक क्लिप पुन्हा लावू.

तुझा,
काका