कुकीज पुसल्या, तरी ठसा उरतो

प्रश्न : ब्राउझर बंद करताना मी रोज कुकीज पुसते, बरंचसं खासगी विंडोतच पाहते. तरी काल पाहिलेल्या वस्तूची जाहिरात आज पुन्हा समोर येते. कुकी नसताना ओळख पटते कशी?

आधी साधी कारणं तपासा. त्या विंडोत ईमेल किंवा दुसऱ्या कुठल्या खात्यात लॉगिन केलं असेल, तर कुकीज पुसून उपयोग नाही. शिवाय एका राउटरवरच्या सगळ्या उपकरणांचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा क्रमांक, बाहेरून बहुधा एकच दिसतो. म्हणजे ती जाहिरात घरातल्या दुसऱ्या कुणाच्या शोधावरूनही आलेली असू शकते. यांपैकी काहीच नसेल, तर संशय ब्राउझरच्या ठशावर, म्हणजे फिंगरप्रिंटवर घ्यावा.

पान उघडलं की ब्राउझर विचारेल त्याला आपली माहिती देत सुटतो : आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, भाषांचा क्रम, टाइम झोन, स्क्रीनचं माप, प्रोसेसरचे कोअर. कोणते फॉन्ट बसवलेले आहेत, हेही मजकुराची रुंदी मोजून ताडता येतं. यातला एकेक तपशील लाखो लोकांचा सारखाच असतो, पण सगळे जुळणारे फार थोडे निघतात. आठशे कोटी माणसांतून एकाला वेगळं काढायला ३३ बिट माहिती, म्हणजे ३३ हो-नाही उत्तरं, पुरते, आणि हे बिट असे चिमूटचिमूट जमत जातात.

त्यात सगळ्यांत चुगलखोर म्हणजे कॅन्व्हास, पानावर चित्र काढण्याची ब्राउझरमधली सोय. पान एका न दिसणाऱ्या चौकटीत एखादं वाक्य, एखादी इमोजी काढून घेतं आणि तिचे पिक्सेल परत वाचतं. ग्राफिक्स चिप, तिचा ड्रायव्हर, अक्षरांच्या कडा मऊ करण्याची रीत यांमुळे चित्रात बारीक फरक पडतात. त्या पिक्सेलचा हॅश, म्हणजे त्यांच्यापासून बनणारा छोटा सांकेतिक आकडा, काढला की झाली ओळख. तुमच्या डिस्कवर काहीच ठेवलेलं नसतं, मग पुसणार काय? खासगी विंडोतही यंत्र तेच आणि चिपही तीच.

प्रश्न : ब्राउझरचा ठसा तपासणाऱ्या ‘कव्हर युअर ट्रॅक्स’ या साइटवर चाचणी केली, निकाल ‘युनिक’, म्हणजे एकमेव. मग यूजर एजंट (ब्राउझर स्वतःची सांगतो ती ओळख) बदलणारं एक, कॅन्व्हास बिघडवणारं एक आणि टाइम झोन बदलणारं एक अशी तीन एक्स्टेन्शन टाकली. निकाल तरीही ‘युनिक’च! चुकतंय कुठे?

चूक एक्स्टेन्शनच्या निवडीत नाही, ती टाकण्यातच आहे.

यूजर एजंट बदलणारं एक्स्टेन्शन म्हणतं, ‘मी विंडोजवरचा क्रोम.’ पण जावास्क्रिप्टने प्लॅटफॉर्म विचारला तर उत्तर येतं लिनक्स, आणि वेबजीएल या त्रिमितीय चित्रांच्या सोयीतून कळणाऱ्या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या नावात ‘मेसा’ दिसतं, जो विंडोजवर सहसा नसतोच. क्रोम विनंतीबरोबर क्लायंट हिंट्स नावाचे माहितीचे वेगळे हेडर पाठवतो, तिथे आणखी तिसरंच काही. असं उत्तर देणारा ब्राउझर क्वचितच दुसरा सापडेल. लपायला गेलात आणि गर्दीतला एकुलता एक मुखवटेवाला झालात.

कॅन्व्हासवाल्याचंही तेच. ते ब्राउझरचं मूळ फंक्शन काढून त्या जागी आपलं बसवतं. पान त्या फंक्शनचा मजकूर मागून पाहतं. मूळ फंक्शन असेल तर ‘नेटिव्ह कोड’ असं उत्तर येतं, बनावट असेल तर बहुतेकदा एक्स्टेन्शनचा कोडच बाहेर पडतो. दुसरी युक्ती त्याहून सोपी : तेच चित्र दोनदा काढून दोनदा वाचायचं. यंत्र तेच असेल तर पिक्सेल दोन्ही वेळा तेच हवेत. प्रत्येक वाचनाला नवा गोंधळ मिसळणारं एक्स्टेन्शन इथे पकडलं जातं, आणि ‘याच्याकडे कॅन्व्हास बिघडवणारं काहीतरी आहे’ ही खूण उलट ठशात जमा होते.

टिकणारे मार्ग दोनच, आणि दोन्ही ब्राउझरच्या गाभ्यातच असावे लागतात. पहिला, सगळ्यांना एकसारखं दिसायला लावणं. टॉर ब्राउझर हेच करतो. टॉरचं नेटवर्क (विनंती अनेक संगणकांतून फिरवून पत्ता लपवणारं) नको असेल, तर टॉर प्रोजेक्टच्याच साथीने २०२३ साली आलेला मलवाड ब्राउझर आहे. दुसरा, दर वेळी वेगळं दिसणं. ब्रेव्ह हा ब्राउझर कॅन्व्हास आणि ऑडिओच्या उत्तरांत किंचित फरक मिसळतो, पण एका सत्रात एका साइटपुरता तो फरक तोच राहतो. त्यामुळे दोनदा वाचण्याची युक्ती चालत नाही, आणि ब्राउझर बंद करून उघडला की ठसा नवा. या चाचणीत ब्रेव्हला ‘युनिक’ नव्हे, ‘रँडमाइज्ड’ असा शेरा मिळतो. तो चांगलाच समजायचा.

तेव्हा तिन्ही एक्स्टेन्शन काढा. फायरफॉक्समध्ये जाहिराती व ट्रॅकर अडवायला यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन एकटं पुरे. ठसा घेणारी स्क्रिप्ट उतरलीच नाही, तर ठसा घेणार कोण? ब्रेव्हमध्ये तसा अडसर आधीच आहे, तिथे तेही नको. टॉर ब्राउझरमध्ये तर काहीच घालू नका.

आणि ‘युनिक’ या शब्दाने फार हबकू नका. २०१० साली याच चाचणीच्या पूर्वावतारात, पॅनॉप्टिक्लिकमध्ये, ४,७०,१६१ ब्राउझर तपासले गेले आणि ८३.६ टक्के एकमेव निघाले. पण तिथे मुद्दाम चाचणी द्यायला आलेली मंडळी होती. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच संशोधनात एका लोकप्रिय साइटवरचे वीस लाखांहून अधिक ठसे पाहिले, तेव्हा एकमेव निघाले ३३.६ टक्के, मोबाइलवर तर फक्त १८.५. चाचणी तुमची तुलना करते ती तिच्याकडे आलेल्यांशीच.

प्रश्न : फायरफॉक्समध्ये ‘रेझिस्ट फिंगरप्रिंटिंग’ चालू केल्यापासून कॅलेंडरमधल्या वेळा चुकतात, डार्क मोड गेला, आणि प्रोफाइलचा फोटो कापून चढवला की रंगीबेरंगी पट्टे येतात. फायरफॉक्स बिघडला का?

बिघडला नाही, सांगितलं तेच करतोय. या सेटिंगमुळे टाइम झोन सगळ्यांसाठी यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, होतो. थीम नेहमी फिकीच सांगितली जाते. साइटनुसार लक्षात राहणारा झूमही जातो. फोटोचे पट्टे कॅन्व्हासमुळे : फोटो कापणारी साइट त्याच मार्गाने पिक्सेल वाचते, आणि फायरफॉक्स तिच्या हाती निरर्थक पिक्सेल देतो. ॲड्रेस बारच्या डाव्या टोकाला कॅन्व्हासचं छोटं चिन्ह उमटतं. त्यावर टिचकी मारून त्या साइटला परवानगी द्या, पान रिफ्रेश करा आणि फोटो पुन्हा चढवा.

रोजच्या ब्राउझरसाठी हे सेटिंग आम्ही सुचवत नाही. ‘अबाऊट कॉन्फिग’ या फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंगच्या पानावर ते पुन्हा ‘फॉल्स’ करा. मग सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, एन्हान्स्ड ट्रॅकिंग प्रोटेक्शन इथे जाऊन ‘स्ट्रिक्ट’ निवडा. माहीत असलेल्या ठसेवाल्या स्क्रिप्ट त्यात अडतात, आणि फायरफॉक्सचं सौम्य ठसा-संरक्षणही त्याच्याबरोबर चालू होतं. एखादी साइट अडली तर पत्त्याशेजारच्या ढालीवर टिचकी मारून तेवढ्यापुरतं संरक्षण उतरवता येतं.

प्रश्न : व्हीपीएन घेतलं आहे. आता ठशाची काळजी नको ना?

व्हीपीएन आयपी पत्ता बदलतं, ठसा तसाच ठेवतं. शहर बदललं, ब्राउझर तोच, हे जुळवणं अवघड नाही. शिवाय पत्ता एका देशातला आणि टाइम झोन दुसऱ्याच देशातला असेल, तर व्हीपीएन असल्याचं उघड होतं. वेबआरटीसी, म्हणजे ब्राउझरमधल्या व्हिडिओ कॉलची सोय, तीतून खरा पत्ता फुटतो का, ते एकदा गळती-चाचणीच्या साइटवर पाहा. फुटत असेल तर फायरफॉक्सच्या ‘अबाऊट कॉन्फिग’मध्ये ‘मीडिया डॉट पीअरकनेक्शन डॉट एनेबल्ड’ हे ‘फॉल्स’ करता येतं, पण मग ब्राउझरमधले व्हिडिओ कॉल बंद पडतील.

प्रश्न : ब्राउझरची भाषा मराठी ठेवल्याने ओळख सोपी होते का?

होते, थोडीशी. भाषांची यादी प्रत्येक विनंतीबरोबर जाते, आणि मराठी पहिल्या क्रमांकावर ठेवणारे जगात कमी. हौसेने उतरवलेले देवनागरी फॉन्टही तशीच भर घालतात. तेवढ्यासाठी मराठी सोडू नका. जिथे अनोळखी राहायचं त्या ब्राउझरला तेवढं इंग्रजी राहू द्या. टॉर ब्राउझर दुसऱ्या भाषेत उतरवला, तर पानं इंग्रजीत मागवायची का, असं तो स्वतःच विचारतो. तिथे ‘हो’ म्हणा.

प्रश्न : टॉर ब्राउझरची विंडो मोठी केली की कडेला करड्या पट्ट्या का येतात? आणि बँकेचं काम त्यात करावं का?

विंडोचं आतलं माप हाही ठशाचाच भाग. टास्कबार, बुकमार्कची पट्टी यांमुळे ते प्रत्येकाचं निराळं पडतं. म्हणून टॉर ब्राउझर पानाला ठरावीक टप्प्यांचीच मापं देतो, साधारण २०० बाय १०० पिक्सेलच्या पटीत, आणि उरलेल्या जागेत पट्ट्या भरतो. त्या राहू द्या. १३.० आवृत्तीपासून नवी विंडो मोठ्या स्क्रीनवर १४०० बाय ९०० इतकी उघडते, त्या मापात बहुतेक पानं नीट बसतात.

बँकेचं काम त्यात नको. तिथे तुम्ही नाव सांगूनच आत जाता. शिवाय तुमच्या नावाने भलताच कुणी शिरत नाही ना, हे पाहायला बँकाही ठसे वापरतात. टॉरचा एक्झिट (जिथून विनंती बाहेर पडते तो संगणक) दिसला की काही बँका ओटीपीवर ओटीपी मागतात, नाहीतर खातं तात्पुरतं गोठवतात. लॉगिनच्या कामांना एक ब्राउझर, वाचण्या-शोधण्याला दुसरा. तेच खातं दोन्हींत उघडलंत, तर दोन्ही ठसे तुम्हीच हाताने जोडून दिले म्हणून समजा.