लेबनॉनमधील निर्वासित मुलांसाठी इंग्लंडमध्ये राहून मदत जमवायची आहे. कपडे पाठवावेत की पैसे?

इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या आपल्या मित्रमंडळींना लेबनॉनमधील सीरियन मुलांसाठी काही करायचे आहे आणि जुने गरम कपडे गोळा करावेत की पैसे, असे आपण विचारले आहे. पैसेच जमवावेत. मी मूळचा कोल्हापूरचा. मध्य इंग्लंडमधील एका लहान गावात आम्ही काही मराठी कुटुंबांनी 2016 पासून चार हिवाळे हे काम केले आणि पहिल्याच वर्षी नेमकी कपड्यांची चूक केली.

त्या वर्षी एका घराच्या गॅरेजमध्ये छतापर्यंत पिशव्या रचल्या गेल्या. त्यांत स्वेटर होते, तसेच लग्नातले कोट, उंच टाचांच्या चपला आणि जोडीदार हरवलेले मोजेही होते. निवडानिवडीत तीन शनिवार-रविवार गेले. वाहतूक, जकात आणि बंदरातून माल सोडवण्याचा खर्च मांडून पाहिला, तेव्हा तेवढ्या रकमेत तिथल्याच बाजारात नवे स्वेटर मिळाले असते हे लक्षात आले. चांगले कपडे शेवटी गावातल्याच चॅरिटीच्या दुकानात गेले.

लेबनॉनमध्ये सीरियन निर्वासितांसाठी जॉर्डनमधील झातरीसारख्या अधिकृत छावण्या उभ्या राहू दिल्या गेल्या नाहीत. त्यामुळे बेका खोऱ्यात असंख्य कुटुंबे शेतजमिनीवर लाकडी सांगाडा आणि ताडपत्रीच्या तंबूंत राहिली, आणि त्या जागेचे भाडेही त्यांनाच जमीनमालकाला द्यावे लागले. हे खोरे उंचावर असल्याने हिवाळ्यात तिथे बर्फ पडतो. जानेवारी 2019 मधील वादळात तर अनेक वस्त्यांत पाणी शिरले. अशा घरात या आठवड्यात शेगडीसाठी डिझेल आधी घ्यायचे, की थकलेले भाडे द्यायचे, की दुपारच्या पाळीच्या शाळेतून अंधारात परतणाऱ्या मुलांसाठी गाडीचे पैसे बाजूला काढायचे, हे तंबूतल्या आईइतके दुसऱ्या कोणाला कळत नाही. म्हणून हिवाळी मदत थेट रोख रकमेने देणारी संस्था आम्हाला पटली. आपणही स्वतः पैसे पाठवण्याच्या फंदात न पडता, धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत जिचे जमाखर्च पाहता येतात अशीच संस्था निवडावी आणि तिच्याकडून लेखी संमती घेऊन मगच तिचे नाव वापरावे.

दुसऱ्या वर्षी आम्ही बटाटेवड्यांचा स्टॉल लावला. वडे पहिल्या दोन तासांत संपले. मात्र आदल्या रात्री सगळ्यांत जास्त वाद झाला तो पाटीवर. चटणीत शेंगदाणे आहेत हे लिहायचे सर्वांनाच ठाऊक होते, पण इथे ॲलर्जीच्या धोक्यामुळे ज्या 14 पदार्थांबद्दल ग्राहकाला सावध करावे लागते त्यांत मोहरीही आहे, आणि फोडणीविना आपला एकही पदार्थ होत नाही! त्याहून महत्त्वाची गोष्ट गिफ्ट एडची. देणगीदार करदाता असेल आणि त्याने नाव-पत्त्यासह तसे लिहून दिले असेल, तर संस्थेला प्रत्येक पाउंडामागे 25 पेन्स सरकारकडून मिळतात. परंतु वड्याची किंमत ही देणगी धरली जात नाही, आणि जो विद्यार्थी कर भरत नाही त्याच्या देणगीवरही हा लाभ घेता येत नाही. म्हणून विक्रीचा गल्ला आणि देणगीची पेटी पहिल्यापासून वेगळी ठेवावी. रस्त्यावर डबे घेऊन उभे राहायचे असल्यास कौन्सिलचा परवाना आधी काढावा लागतो. डबे सीलबंद असावेत आणि एकाच घरातल्या नसलेल्या दोघांनी ते एकत्र उघडून मोजावेत. ओळखीच्या मंडळींत हे अवघडल्यासारखे वाटते, पण तिसऱ्या वर्षी आमच्या मोजणीत 40 पाउंडांचा फरक निघाला, तेव्हा दोघांच्या सह्यांच्या कागदामुळेच चूक बेरजेत असल्याचे पाच मिनिटांत सापडले.

एका सदस्याने बँकेतून रक्कम पाठवताना संदर्भाच्या रकान्यात ‘सीरिया’ एवढाच शब्द लिहिला आणि ते पैसे तीन आठवडे अडकून पडले. सीरियावरील आर्थिक निर्बंधांमुळे बँका त्या शब्दाला बिचकत असत. संस्थेने दिलेला संदर्भ क्रमांक जसाच्या तसा लिहावा, हा त्यावरचा साधा उपाय.

‘आपल्याकडे काय गरिबी कमी आहे?’ असे आपल्याच माणसांकडून ऐकावे लागेल. मी त्यांना वळिवड्याबद्दल सांगतो. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या त्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुले, राहत होती, आणि त्या वेळी आपला देश काही श्रीमंत नव्हता. सगळ्यांना हे पटते असे नाही. त्यांच्याशी वाद न घालता मी दुसरा वडा पुढे करतो.

पोस्टर छापण्यापूर्वी एक वाक्य मात्र नीट तपासावे. डिसेंबर 2024 मध्ये असद यांची सत्ता कोसळल्यानंतर बरीच कुटुंबे सीरियात परतली, काही अजून लेबनॉनमध्येच आहेत. ‘लेबनॉनमधील मुलांसाठी’ म्हणून मागितलेला पैसा संस्थेला त्याच कामासाठी वापरावा लागतो. त्यामुळे परतलेल्या कुटुंबांनाही मदत करायची असल्यास तसे आधीच छापावे, आणि रक्कम उरल्यास ती कशासाठी वापरली जाईल, हेही त्याखाली लिहावे.