गेममधला अवतार (पडद्यावरचं माझं पात्र) मला खऱ्या ‘मी’पेक्षा जवळचा वाटतो. हे खोटं जगणं आहे का?

नाही. तुम्ही लिहिलंय की चारचौघांत तुमच्या तोंडून शब्द फुटत नाही, पण अवतार घेतला की अनोळखी लोकांशी तासन्‌तास गप्पा रंगतात. त्या गप्पा मारणारे तुम्हीच ना? अवतार स्वतःहून एक वाक्य बोलत नाही.

नॉर्वेतला एक तरुण स्नायूंच्या असाध्य आजाराने २०१४ साली, पंचविसाव्या वर्षी गेला. मुलगा एकटाच राहिला, असं आईवडिलांना वाटत होतं. त्याच्या ब्लॉगवर त्यांनी निधनाची बातमी टाकली आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेममधल्या मित्रांचे निरोप येऊ लागले. अडचणीत त्याने कसा धीर दिला, हे त्यांनी लिहिलं होतं. काही जण तर परदेशातून अंत्यविधीला आले. या माणुसकीला खोटं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण अवतारही आपल्याला घडवतो, तिकडे लक्ष असू द्या. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांनी लोकांना उंच किंवा बुटके अवतार दिले आणि पैशांच्या वाटणीवरून घासाघीस करायला लावली. उंच अवतारवाले अडून बसले, बुटक्या अवतारवाल्यांनी अन्यायाची वाटणीही जास्त वेळा मान्य केली. अवतार कुणी स्वतः निवडला नव्हता, तरी हा फरक! २००७ सालच्या या संशोधनातून अवताराच्या या परिणामाला ‘प्रोटिअस इफेक्ट’ हे नाव रूढ झालं. पुढच्या एका प्रयोगात तर आभासी जग दाखवणारा हेडसेट काढून समोरासमोर बसवल्यावरही हा फरक दिसला. म्हणजे तिथला तुमचा मोकळेपणा थोडा इकडेही झिरपू शकतो, आणि तिथे लागलेली अरेरावीही.

शरीरही यातून सुटत नाही. हेडसेट लावलेला असताना एखादा अवतार अगदी तोंडाशी येऊन उभा राहिला की मी माझ्या खोलीत खरोखर एक पाऊल मागे सरकतो. समोर कुणी नाही हे ठाऊक असूनही पाय ऐकत नाहीत. म्हणून तिथे कुणी लगट केली तर ‘गेमच तर आहे’ म्हणत सोसू नका, सरळ ब्लॉक करा. छळाच्या तक्रारींनंतर फेसबुकवाल्या मेटा कंपनीनेही ‘होरायझन वर्ल्ड्स’ या आपल्या आभासी जगात फेब्रुवारी २०२२ मध्ये अवतारांत सुमारे चार फूट अंतर राखणारी सोय आणली.

माझी खरी काळजी वेगळी आहे. तुमचा अवतार, मित्रांची यादी, सगळं कंपनीच्या सर्व्हरवर आहे. अकाउंट बंद झालं तर माणसंही हातची जातील. ज्यांच्यावर पुरता विश्वास बसलाय अशा दोघातिघांशी गेमबाहेरही संपर्क ठेवा, आणि हे आजच करा.