आईचा ईजीएफआर आणि लेकीची नीट

प्रश्न : माझ्या पत्नीला फुप्फुसाचा कर्करोग आहे. तिनं कधी तंबाखूला हात लावलेला नाही. रिपोर्टात 'ईजीएफआर एक्झॉन १९ डिलीशन' आलं असून रोज एक गोळी सुरू आहे. मुलगी गेल्या वर्षी बारावी झाली. रिपीट करूनही नीटला गुण कमीच. पुन्हा बसवू की जेनेटिक इंजिनिअरिंगला घालू? हा जनुक तिच्यातही असणार, तेव्हा औषध तिनंच शोधावं, असं मी तिला सांगतो. हल्ली ती गप्प गप्प असते. – एक पालक

उत्तर : गुणांचं नंतर बघू. मला काळजी वाटली ती तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांची. आईचा आजार तुझ्याही अंगात आहे आणि त्यावरचं औषध तूच शोधायचंस, असं तुम्ही कोवळ्या वयाच्या मुलीला सांगितलंत. एवढं ओझं घेऊन कुणाचा अभ्यास होईल? त्यातली पहिली गोष्ट तर खरीही नाही.

ईजीएफआर हा जनुक आपल्या सगळ्यांतच असतो, सातव्या गुणसूत्रावर. त्यापासून बनणारं प्रथिन पेशीच्या आवरणात रोवलेलं असतं. बाहेरून वाढीचा रेणू येऊन चिकटला की अशी दोन प्रथिनं जोडीनं येतात, आतल्या बाजूनं एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि 'विभाजन कर' हा निरोप रास, रॅफ, मेक, अर्क या प्रथिनांच्या साखळीतून हातोहात केंद्रकाकडे जातो. काम झालं की पेशी ते प्रथिन आत ओढून घेते आणि निरोप थांबतो. एक्झॉन १९ या जनुकाच्या एका भागातली डीएनएची काही अक्षरं गळाली (यालाच डिलीशन म्हणतात), बहुतेकदा जेमतेम १५, की बाहेरून काही न येताही निरोप जातच राहतो. गोळी तोच अडवते. ही गळती आईच्या फुप्फुसातल्या पेशीत, जन्मानंतर कधीतरी झालेली असते. स्त्रीबीजात ती नसते, म्हणून लेकीत उतरत नाही. टी७९०एम हा याच जनुकातला दुसरा बदल फार क्वचित घराण्यात उतरतो. तुम्ही सांगितलेल्या रिपोर्टात तो नाही.

औषध शोधण्याचं म्हणाल, तर वाढीच्या रेणूंवरच्या कामासाठी स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चं नोबेल विभागून मिळालं आणि कोणत्या रुग्णाला ही गोळी लागू पडते ते सांगणारे बदल त्यानंतर अठरा वर्षांनी, २००४ मध्ये सापडले. मुलीनं आज प्रवेश घेतला तरी पीएचडी हातात यायला दहाएक वर्षं लागतील. आईच्या उपचारांशी तिच्या प्रवेशाची गाठ मारू नका.

ती स्वतःहून मागत नसेल तर तिसऱ्यांदा नीट नको, हे माझं स्पष्ट मत. बीएस्सीनंतर एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम किंवा गॅट-बी, पुढे पीएचडीसाठी नेट या परीक्षा, हा सरळ रस्ता आहे. आयसर या विज्ञान-संशोधन संस्थांच्या आयएटी या प्रवेश परीक्षेला मात्र बारावी अलीकडच्या वर्षांत झालेली लागते, म्हणजे उशीर केला तर ती संधी जाऊ शकते. रिपीटच्या नादात हे कितीतरी घरांत लक्षातच येत नाही.

तिला हा विषय आवडतो का, हे आईच्या रिपोर्टावरूनच कळेल. तो तिला वाचू द्या. त्यामागचं काम असं : बायोप्सीचा तुकडा फॉर्मलिन या टिकवणाऱ्या द्रावणात ठेवून मेणात बसवतात, काही मायक्रॉनचे काप काढतात, गाठीचा भाग खुणावून त्यातून डीएनए काढतात. तुकडा फॉर्मलिनमध्ये ७२ तासांहून जास्त राहिला तर डीएनएचे तुकडे पडतात. फॉर्मलिनमुळे डीएनएच्या अक्षरांत 'सी'च्या जागी 'टी' वाचलं जातं. टी७९०एम हा नेमका तसाच बदल, म्हणून तो अगदी कमी प्रमाणात दिसला तर चाचणी पुन्हा करावी लागते. कापात गाठीच्या पेशी कमी असतील तर असलेला बदलही निसटतो आणि रुग्णाला योग्य गोळी मिळत नाही. असल्या बारकाव्यांत ती रमली, तर जीवरसायन किंवा रेणवीय निदान, म्हणजे अशा डीएनए चाचण्यांवरून आजार ओळखणं, तिच्यासाठी आहे. कंटाळली, तर तेही ठीक. वाणिज्य शाखेतही आयुष्य चांगलं जातं.

फॉर्म नंतर भरा. पुढच्या तपासणीला तिला सोबत न्या, तिचे प्रश्न तिलाच डॉक्टरांना विचारू द्या. आणि निघण्याआधी घरीच तिला सांगा, 'मी चुकीचं सांगितलं होतं, हा आजार तुझ्यात आलेला नाही.' हे तुमच्याच तोंडून यायला हवं.