पहिल्या ट्रॅक डेच्या आधी ब्रेककडे बघ

ट्रॅक डेला स्वतःची गाडी रेस ट्रॅकवर पळवायची असेल, तर पॉवर वाढवायचं सध्या बाजूला ठेव, आधी ब्रेक ऑइल बदल. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. हवेतला ओलावा शोषला की हीच मर्यादा १५५ च्या आसपास उतरू शकते.

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किट या रेस ट्रॅकवर तिसऱ्या वळणानंतरची सरळ पट्टी किलोमीटरभर लांब आहे. तिच्या शेवटी गाडी आवरताना जवळपास सगळी ऊर्जा उष्णता होऊन चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीत, म्हणजे डिस्कमध्ये जाते, आणि वेग दुप्पट तर उष्णता चौपट! एकदा तिथेच माझं पेडल मऊ पडून पार खाली गेलं. छातीत धस्स झालं. ऑइल जुनं होतं, तापून उकळलं.

ब्रेक गार ठेवायला हवेचा पाइप लावणार असशील तर त्याचं तोंड डिस्कच्या मध्याकडे, हबजवळ हवं. डिस्कच्या आतल्या पात्या तिथून हवा ओढून कडेने बाहेर फेकतात. नुसता एका बाजूवर वारा मारलास तर दुसरी बाजू तापलेलीच राहते.

प्रत्येक सेशननंतर डिस्क गार झाली की टॉर्च घेऊन बघ. केसासारख्या बारीक रेघा चालतात. पण भेगेत नख अडकलं किंवा ती कडेपर्यंत पोचली, तर डिस्क काढूनच टाक. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते, मायक्रोमीटरने मोज.

शेवटचा लॅप संथ, ब्रेकला हात न लावता मार. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, हँडब्रेक ओढू नकोस, गाडी गिअरमध्ये ठेव. तापलेलं ब्रेक पॅड डिस्कच्या एकाच जागी दाबून राहिलं की त्याचा थर डिस्कवर बसतो आणि ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. पुष्कळ जण डिस्क वाकली समजून उगाच नवी घेतात.