तबकडीपेक्षा पदकाची कड पाहा

प्रश्न : पणजोबांचे धाकटे भाऊ पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला’ गेले, परतले नाहीत. घरात त्यांच्या नावाची ब्राँझची तबकडी आणि एक चांदीचे पदक आहे. त्यांचे नाव तिकडे कुठे कोरले आहे का? श्राद्धाची तिथी कोणती धरावी?
— एक वाचक, ता. महाड

उत्तर : तबकडी बाजूला ठेवा, पदक हातात घ्या. सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाच्या त्या तबकडीवर फक्त नाव असते. नंबर, हुद्दा, पलटण काहीच नाही, आणि एका नावाचे शिपाई कितीतरी निघतात. पदकाच्या कडेवर मात्र हे सगळे ठोकलेले असते. तिरक्या उजेडात भिंगाने वाचा. चिंच, राख किंवा पितांबरी कशालाही लावू नका. कड घासून गुळगुळीत झाली की नंबर गेलाच.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, म्हणजे युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणारी संस्था; तिच्या संकेतस्थळावर शोध मोफत आहे. नंबर आणि पलटण आधी टाका, नाव शेवटी. कारण कारकुनाने कानाला लागले तसे इंग्रजीत उतरवले आणि पुष्कळदा अख्खे नाव आडनावाच्याच रकान्यात बसवले. ‘मराठा’चे तेव्हाचे स्पेलिंग एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए. लोक इथेच अडकतात. मराठा पलटणींचे आकडेही जुनेच हवेत : १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. ते १९२२ च्या फेररचनेत बदलले. पत्ता दिला असेल तर जिल्हा ‘कुलाबा’ दिसेल, रायगड नव्हे.

नोंद सापडली, तरी स्मारकाच्या भिंतीवर नाव असेलच असे नाही. हिंदू शिपायांचे दहन होई, म्हणून बहुधा कबर नाही, स्मारक असते. बसऱ्याच्या स्मारकावर ४०,५०० हून अधिक जणांची आठवण आहे. पण भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली आणि साध्या शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा घातला. हा भेदभावच होता, दुसरा शब्द नाही. तुम्हाला नाव मिळेल ते कमिशनच्या नोंदवहीत. नोंदच नसेल तर मृत्यूची तारीख पाहा. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ एवढाच काळ धरतात. तारीख त्यात बसत असेल तर पेन्शनचे कागद जोडून नाव घालण्याची मागणी करता येते.

तिथी : नोंदीतल्या तारखेवरून जुन्या पंचांगात काढा. शस्त्राने मृत्यू आला असेल तर पितृपक्षात भाद्रपद वद्य चतुर्दशी. मेसोपोटेमियात (आजचा इराक; बसरा तिथलेच) आजारानेही फार माणसे गेली आणि नोंदीत कारण सहसा नसते; तेव्हा खात्री नसेल तर सर्वपित्री अमावास्या.

प्रश्न : चुलत आजोबा १९४४ मध्ये इटलीत पडले. तिथे समाधी असेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दहन झाले असेल तर सांग्रो नदीजवळच्या किंवा फोर्लीच्या दहन-स्मारकावर पाहा. देह सापडला नसेल तर कॅसिनो गावचे स्मारक. १० जुलै १९४४ ला धारातीर्थी पडलेले, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांचे नाव कॅसिनोलाच आहे, वय २२. नोंदीतला फलक क्रमांक लिहून घेऊनच निघा. भिंती मोठ्या आहेत आणि नावे पलटणीप्रमाणे लावलेली आहेत.